चिमट्याखालचे निळे ठिपके

वाळूचं वादळ सकाळी ओसरलं आणि दुपारी तुंगशा गावात एकही माणूस घरात उरला नाही. खिडक्यांच्या फटींतून आलेली धूळ अंथरुणांवर तशीच पडली होती, अंगणातली वाळू दारांना टेकली होती, मेंढ्या उपाशी ओरडत होत्या आणि सगळं गाव खळ्यावर जमलं होतं. दोन पॉपलरच्या झाडांना दोरी बांधलेली. दोरीवर मातीच्या पाण्यात बुडवलेल्या ओल्या, पिवळट फडक्यांची लांबलचक रांग. प्रत्येक फडक्यावर ज्याच्या त्याच्या हातानं, निळ्या शाईत लिहिलेला एकच चिनी शब्द होता: बिंग. म्हणजे रोग.

फडक्यांपुढे ल्वो महागुरू उभे होते. अंगात पिवळा रेशमी झगा, पायात पळायचे बूट, गालाला चिकटवलेला माईक. थेन्शान पर्वताच्या गुहेत बारा वर्षं मौन पाळून आलो, असं ते सांगत. त्या बारा वर्षांचं साठलेलं सगळं बोलणं तुंगशाच्या वाट्याला आलं होतं.

“मंडळी, अक्षराकडे नीट बघा! रोग म्हणजे बिंग. आणि त्या अक्षराच्या पोटात कोण बसलंय? एक छोटं अक्षर, त्याचाही उच्चार बिंगच! पंचांगात ते बिंग कुणाचं?”

“सूर्याच्या अग्नीचं!” गाव ओरडलं. ऐकून ऐकून पाठ झालं होतं.

“म्हणजे रोगाच्या पोटात सूर्य अडकलाय! आणि वाळवंटाची माती कोण? सूर्याची लाडकी लेक! मी ही माती जमिनीवरून उचललेली नाही, वादळ चालू असताना आकाशातून झेललीय. आता लेक हाक मारणार, बाप धावत येणार, आपला अग्नी काखोटीला मारून निघून जाणार. मागे काय राहणार?”

“कोरं फडकं!”

गर्दीच्या मागे मोटारसायकलवर बसून याओ रुइलान हे ऐकत होती. ती तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर होती आणि आत्ताच एका वाड्यातल्या मेंढ्या तपासून परत येत होती. बापलेकीची ही गोष्ट ऐकून तिला हसू आलं. पण नजर फडक्यांवर गेली आणि हसू जरा आखडलं, कारण शाई खरोखरच फिकी पडत होती. आकाश अजून मळकट होतं, तरी ऊन चांगलं कडक होतं, आणि त्या उन्हात गडद निळी अक्षरं आधी आकाशी झाली, मग धुरकट आणि मग जवळजवळ दिसेनाशी. महागुरूंनी फडक्यांना हातही लावला नव्हता. बायाबापड्यांचे डोळे भरून आले होते. रुइलानला नवल वाटलं, आणि ते तिनं स्वतःपाशी कबूलही केलं.

“गेला! माझा गेला!” पहिल्या रांगेतून एक ओळखीचा आवाज आला. ती रुइलानची सासू होती, दिंगकाकू.

दिंगकाकूंना दमा होता. तुंगशाच्या दोन बाजूंना वाळवंट, वसंतात वादळांवर वादळं, आणि काकूंची छाती म्हणजे फाटका भाता. दम्याचा पंप हा त्यांचा जीव की प्राण होता. झोपताना उशाशी, जेवताना वाटीशेजारी. तोच पंप आता त्यांनी कोटाच्या खिशातून काढला, सगळ्यांना दिसेल असा वर धरला आणि महागुरूंच्या पायाशी ठेवलेल्या वेताच्या टोपलीत टाकून दिला. टोपलीत आधीच औषधांचा ढीग होता. रक्तदाबाच्या गोळ्या, साखरेच्या गोळ्या, कुणाचे डोळ्यांत घालायचे थेंब.

“शाबास!” महागुरू म्हणाले. “पण लक्षात ठेवा. ज्यानं पुन्हा औषध तोंडात घातलं, त्याचा रोग पुन्हा फडक्यावर उमटलाच म्हणून समजा. दुपटीनं! आता उद्यापासून रोज दुपारी छपरावर जाऊन उभं राहा. धुळीचं ऊन छातीवर घ्या. घाबरू नका, माती तुमचीच आहे.”

महागुरू पैशाला शिवत नसत. भेटीचे पैसे घालून दिलेलं लाल पाकीट मात्र नाकारत नसत, कारण नाकारलं तर देणाऱ्याचा अपमान होतो. असे अपमान टाळून टाळून त्यांच्या गाडीची मागची सीट भरून गेली होती.

घरी आल्यावर दिंगकाकूंनी ते कोरं फडकं बैठकीच्या भिंतीवर, दिवंगत नवऱ्याच्या फोटोशेजारी टांगलं. रुइलान रश्श्यात नूडल्स सोडत होती, पण तिचं लक्ष सासूच्या श्वासाकडे होतं. आत्ता ठीक होता. वादळानंतरचा पहिला दिवस नेहमीच ठीक जायचा.

“आई, दुसरा पंप आणून ठेवू का औषधाच्या दुकानातून?”

“कशाला? रोग गेला. तू तुझ्या डोळ्यांनी बघितलंस.”

“शाई गेली, ते बघितलं.”

“झालं सुरू! लानचौच्या कॉलेजात शिकलीस म्हणून सगळं तुलाच कळतं का? तू मेंढ्यांची डॉक्टर. मी काय मेंढी आहे?”

“तसं असतं तर बरं झालं असतं,” रुइलान पुटपुटली. “मेंढी निदान इंजेक्शन तरी घेते.”

“काय म्हणालीस?”

“नूडल्स झाल्या म्हणाले.”

काकू टेबलाशी बसल्या आणि त्यांनी काड्या उचलल्या. तेव्हा रुइलानला त्यांच्या बोटांवरचा डाग दिसला. गडद, थोडी मोरपंखी झाक असलेला निळा. असा डाग साध्या शाईचा नसतो. असाच डाग तिच्या स्वतःच्या अंगठ्यावर वर्षातून कितीदा तरी पडायचा. मेंढ्यांना खराब चारा बाधला, रक्त तपकिरी पडायला लागलं की तिच्या दवाखान्यात निळं औषध टोचायचे, त्याचा हा रंग. मासे पाळणाऱ्यांच्या दुकानातही त्याची बाटली सहज मिळायची.

ती उठून फडक्यापाशी गेली. काकूंनी ‘रोग’ चांगला ऐसपैस लिहिला होता, फडक्याच्या वरच्या काठापर्यंत. रोगच तेवढा मोठा, असं त्यांचं म्हणणं. अक्षर पुसलं गेलं होतं खरं, पण वरच्या काठाशी दोन ठिकाणी निळे ठिपके तसेच होते. चांगले गडद. छोटे, चौकोनी, कडा अगदी सरळ.

“आई, हे दोन का राहिले?”

“मी पण विचारलं. महागुरू म्हणाले, हा मागच्या जन्माचा उरलासुरला भाग. उद्या परत या, तोही जाईल.”

रुइलान अंगणात गेली आणि तिनं कपडे वाळत घालायच्या दोरीवरचा एक चिमटा काढून आणला. ठिपक्यावर ठेवला. चिमट्याचं तोंड आणि ठिपका तंतोतंत जुळले. दुसराही जुळला.

“मागचा जन्म मोठा मापातला निघाला,” ती म्हणाली.

सासूबाईंनी नूडल्सचा घास जोरात ओढला आणि सुनेकडे पाठ केली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. रुइलाननं सासूच्या उशाखालची पुडी काढली. महागुरूंनी प्रत्येकाला उशाशी ठेवायला सूर्यमातीची एकेक पुडी दिली होती. तिनं जुन्या चादरीचे चार तुकडे फाडले, दवाखान्यातल्या निळ्या औषधाचे थेंब पाण्यात टाकले आणि चारही तुकड्यांवर ‘रोग’ लिहिलं. तीन तुकडे पुडीतल्या मातीच्या पाण्यात बुचकळले. त्यातला एक उन्हात टांगला. एक अंगणातच, पण लाकडी खोक्याखाली झाकला. तिसरा घरात तापलेल्या खांगवर, म्हणजे सगळं घर ज्या गरम विटांच्या ओट्यावर झोपायचं त्यावर पसरला आणि वर गोधडी टाकली. चौथा तुकडा मात्र तिनं आपल्या अंगणातल्या साध्या धुळीत बुडवला आणि पहिल्याशेजारी उन्हात लावला.

तिचा नवरा युंगशेंग घरांना रंग देण्याचं काम करायचा. जेवायला आला तेव्हा बायको स्टुलावर बसून चिंध्यांकडे टक लावून बघत होती.

“हे काय, दुकान काढलंस का?”

“खांगवरचा बघ बरं.”

त्यानं गोधडी उचलली. तुकडा गरम झाला होता, वाळून कडक झाला होता, आणि अक्षर होतं तसंच निळं होतं. खोक्याखालचाही तसाच. महागुरूंच्या मातीचा उन्हातला तुकडा मात्र कोरा. अंगणातल्या धुळीचा जेमतेम फिका पडला होता.

“म्हणजे उष्णतेनं होत नाही,” रुइलान म्हणाली. “उजेडानं होतं. ते ठिपके चिमट्याखाली होते, तिथे उजेड पोचलाच नाही. पण त्यांची माती आपल्या मातीपेक्षा एवढी जलद कशी?”

स्टुलाशेजारी काचेच्या पेल्यात उरलेली पुडी पाण्यात कालवून ठेवली होती. वाळू तळाशी बसली होती आणि वरचं पाणी पांढरंशुभ्र, दुधासारखं झालं होतं. युंगशेंगनं पेला उचलला, बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं.

“ही तर माझी सफेदी आहे!”

“काय?”

“अगं, भिंतीच्या रंगात घालायची पांढरी पूड. तीही स्वस्तातली. ही फक्त आतल्या भिंतीला चालते. शाळेमागच्या त्या झाओनं पैसे वाचवायला बाहेरून लावून घेतली होती, आठवतं? दुसऱ्या उन्हाळ्यात भिंतीला हात लावला की पांढरी भुकटी हाताला. ऊन लागलं की ही पूड आपल्याच रंगाला खाते. झाओ अजून मलाच शिव्या देतो.”

रुइलान स्टुलावरून उठलीच. कॉलेजात शिकलेलं सगळं भराभर आठवलं. टायटॅनियमची पूड! तिच्यावर ऊन पडलं की हवेतला नि पाण्यातला प्राणवायू तिच्या अंगावर असा काही चेकाळतो की जवळ सापडेल त्या रंगाचे तुकडे पाडतो. वाळवंटाच्या धुळीतही ते खनिज असतं, लोखंडाचा गंजही असतो, पण चिमूटभर. म्हणून अंगणातली धूळ तेच काम रडतखडत करते. महागुरूंनी तिला गोणीतली सफेदी जोडून दिली होती. आकाशातून झेललेली माती! हार्डवेअरच्या दुकानातून झेलली होती.

ती हे सगळं सांगायला सासूकडे धावली. आणि खोलीत, अंगणात, शेजारी, कुठेच सासू सापडली नाही. मग वरून शिट्टीसारखा आवाज आला.

दिंगकाकू छपरावर होत्या. तोंड वर, कोटाची बटणं उघडी, डोळे मिटलेले, छातीवर धुळीचं ऊन घेत. तालुक्याच्या बाजूनं कोळशाच्या भट्ट्यांचा धूर तरंगत आला होता आणि त्या पिवळट हवेत मिसळला होता. प्रत्येक श्वासाबरोबर त्यांच्या गळ्यात शीळ वाजत होती. ओठांना निळसर झाक आली होती.

“आई! खाली चला!”

“थांब... आत जातंय... माती...”

“माती आत जातेय, तेच तर म्हणतेय मी!”

दोघांनी त्यांना धरून खाली आणलं. रुइलाननं नवा पंप आणून ठेवला होताच. तिनं तो तोंडाशी नेला, तर काकूंनी ओठ घट्ट मिटले आणि मान फिरवली. डोळ्यांत भीती होती. दम्याची नव्हे, ते अक्षर परत उमटेल याची.

“घेतला की... दुपटीनं येईल...”

“आई, तसं काही नसतं हो!” युंगशेंग रडायच्या बेतात होता. “आपण दवाखान्यात जाऊ.”

“दवाखान्यात... औषधच देतात.”

बऱ्याच वेळानं, गरम पाण्याची वाफ घेतल्यावर, श्वास थोडा खाली बसला. पण रुइलानला कळून चुकलं होतं की अजून एक अशी दुपार ही छाती झेलणार नाही. चिमट्याचे ठिपके, चिंध्या, पेला, सगळं तिनं सासूपुढे मांडलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तुझ्या चादरीचं तू बघ. महागुरूंच्या फडक्यात मंत्र आहे.”

तेव्हा रुइलाननं ठरवलं की आता जे काही होईल ते महागुरूंच्या फडक्यावर, महागुरूंच्या शाईनं आणि साऱ्या गावासमोरच झालं पाहिजे.

“ठीक आहे आई,” ती म्हणाली. “उद्या खळ्यावर मीपण येते. मीपण लिहिते.”

काकूंचा चेहरा उजळला. “बघ... आलीस की नाही... वळणावर!”

दुसऱ्या दिवशी खळ्यावर शेजारच्या गावांचीही माणसं आली होती. दिंगकाकू युंगशेंगच्या खांद्यावर भार टाकून पहिल्या रांगेत बसल्या. बऱ्या झालेल्यांची रांग होती ती. त्या रांगेत खोकल्याचा आवाज सगळ्यात मोठा होता. महागुरू त्याला ‘रोगाची पावलं निघून जाताना वाजतात’ असं म्हणत.

रुइलाननं रांगेत उभं राहून मातीच्या पाण्यात भिजवलेलं फडकं घेतलं, कुंचला घेतला, लिहिलं आणि स्वतःच दोरीवर शेवटी टांगलं. वरच्या काठाला दोन चिमटे लावले. मंत्र सुरू झाले. किटल्यांतला चहा कपांत फिरू लागला, त्यात इकडच्या रीतीप्रमाणे टाकलेले खजूर चघळत लोक वाट बघू लागले.

सगळ्यात आधी शेजारच्या हाओ आजींना दिसलं.

“अगं बाई! रुइलान, तू हे काय लिहिलंयस? हे तर फू आहे!”

“हो. फू. भाग्य.”

“आणि ते पुसलं जातंय!”

खळ्यावर एकदम कालवा झाला. तुंगशात नव्या वर्षाला प्रत्येक दारावर लाल कागदावरचं ‘फू’ चिकटवतात आणि पुढच्या वर्षीचं त्यावर चिकटेपर्यंत त्याला कुणी नखही लावत नाही. एकदा कुणाच्या तरी नातवानं त्यावर मिशा काढल्या, तर त्याच्या आजीनं दाराची माफी मागून शेजारपाजारात गोड वाटलं होतं. आणि इथे ऐन उन्हात, महागुरूंच्या डोळ्यांदेखत, ‘फू’ फिकट होत होतं. आकाशी झालं. धुरकट झालं. म्हाताऱ्या बायका तोंडावर हात ठेवून बघत राहिल्या.

“महागुरू, थांबवा ना!”

“भाग्य कसं हो नेतोय सूर्य? भाग्याच्या पोटात कुठाय बिंग?”

महागुरूंनी मंत्र थांबवला. बारा वर्षांच्या मौनाला क्षणभर पुन्हा सुरुवात होते की काय असं वाटलं. मग त्यांना सुचलं.

“मंडळी, घाबरू नका! यात मातीचा दोष नाही. जिची सासू घरात खोकते आणि जी स्वतः गावोगाव मेंढ्यांच्या शेपट्या उचलत हिंडते, अशा सुनेच्या नशिबात भाग्य असेल कशाला? तिच्यापाशी जे नव्हतंच ते सूर्यानं दाखवून दिलं. असली अवदसा...”

“काय म्हणालात?”

दिंगकाकू उभ्या राहिल्या होत्या. एका हातानं युंगशेंगचा दंड धरला होता आणि प्रत्येक दोन शब्दांमागे त्यांना श्वास घ्यावा लागत होता, पण आवाज सगळ्या खळ्यावर पोचला.

“माझी सून... उद्धट आहे. नूडल्स... जाड करते. मला... डॉक्टरकी शिकवते. पण हे बोलायचा हक्क... माझा एकटीचा आहे! तुम्ही... कोण?”

लोक हसले. महागुरूही हसले, पण त्यांचं हसू ओठांवरच राहिलं.

“आईसाहेब, रागावू नका...”

“रागावले नाही. मला बघायचंय.” काकूंनी हात पुढे केला. “कुंचला द्या. आणि... कोरं फडकं.”

“कशासाठी?”

“तुमचं नाव लिहिते.”

“छे छे, महागुरूचं नाव असं...”

पण कुंचला काकूंच्या हातात पोचलाही होता. त्यांनी लिहिलं ल्वो. नेहमीसारखं ऐसपैस. युंगशेंगनं फडकं दोरीला लावलं.

ऊन आपलं काम करू लागलं. काकू खाली बसल्या. त्यांच्या गळ्यातली शीळ आता मागच्या रांगेतही ऐकू जात होती. रुइलान त्यांच्याजवळ गुडघ्यांवर बसली आणि तिनं पंप पुढे केला.

“आई, आधी हा घ्या. मग बघू. तुमच्या पाया पडते.”

“नाही. आधी... बघू.”

महागुरू हळूच सरकले आणि त्या फडक्यापुढे येऊन उभे राहिले, झगा दोन्ही हातांनी पसरून, जणू आशीर्वादच देताहेत. फडक्यावर त्यांची सावली पडली.

“बाजूला व्हा महागुरू,” रुइलान ओरडली. “तुम्ही ऊन अडवताय! आणि ऊन अडलं की शाई जात नाही, हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे!”

सगळ्यांच्या माना सावलीकडे वळल्या. गावचा खाटीक, जो आपल्या सांधेदुखीसाठी आला होता, तो उठला आणि त्यानं महागुरूंना खांद्याला धरून अलगद बाजूला केलं. त्याला अलगद म्हणजे किती, हे फारसं कळत नसे. महागुरू चार पावलं पलीकडे जाऊन थांबले.

नाव आकाशी झालं. धुरकट झालं. मग उरलं नाही.

दिंगकाकूंनी आधी फडक्याकडे पाहिलं, मग महागुरूंकडे. नखशिखान्त पाहिलं.

“नाव गेलं,” त्या म्हणाल्या. “हे मात्र इथेच आहेत... बुटांसकट.”

कुणीतरी फुसकन हसलं आणि चहा सांडला. काकू हसल्या नाहीत. त्यांनी हात आपल्या छातीवर ठेवला.

“मग माझा शब्द गेला... म्हणून दमा कसा जाईल? तो इथेच आहे. दे गं तो पंप.”

रुइलाननं पंप दिला. काकूंनी ओठ लावले, ओढला, डोळे मिटून श्वास धरून ठेवला. सोडला. पुन्हा ओढला. हळूहळू शीळ बारीक झाली, ओठांना रंग आला, आणि रुइलान सासूच्या मांडीवर डोकं टेकून सगळ्या गावासमोर रडली.

“पुरे,” काकू म्हणाल्या. “कोट ओला होतोय. ऊठ, आणि ते पेल्याचं काय ते यांना दाखव. मला सांगत होतीस ना, ते.”

मग रुइलान उठली. तिनं दोरीवरचे चिमटे एकेक करून काढले आणि प्रत्येकाखाली राहिलेला निळा चौकोन दाखवला. ज्यांनी मोठं लिहिलं होतं त्यांच्या फडक्यांवर ते होतेच, ‘भाग्या’वरही होते. तिनं घरून आणलेले चादरीचे चार तुकडे हातोहात फिरले. पेल्यातलं पांढरं पाणी फिरलं, आणि युंगशेंगनं भिंतीच्या सफेदीची गोष्ट सांगितल्यावर गर्दीतून झाओ ओरडला, “म्हणजे माझी भिंत तुझ्यामुळे नाही बिघडली?” तेवढ्यात गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. महागुरू निघाले होते. लाल पाकिटं त्यांच्याबरोबर गेली आणि टोपली मागे राहिली.

लोक टोपलीवर तुटून पडले. “माझ्या बीपीच्या पिवळ्या होत्या!” “माझ्यापण पिवळ्याच!” रुइलाननं टोपली उचलून डोक्यावर धरली आणि माणसांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावला. ते येऊन प्रत्येकाची गोळी ओळखून देईपर्यंत कुणी तोंडात काही घालायचं नाही, असं तिनं दरडावून सांगितलं. तोवर लोक तिला घेरून बसले.

“पण रुइलान,” हाओ आजींनी विचारलं, “ऊन एवढं करतं फडक्यावर, तर मग काहीच चमत्कार नाही का त्यात?”

“आहे की आजी, पण तो महागुरूंचा नाही. तुमच्या दारावरचा लाल कागद उन्हाळ्यापर्यंत पांढरा पडतो ना? तेव्हा भाग्य जातं का तुमचं?”

“नाही बाई. गेल्याच वर्षी नात झाली.”

“ऊन रंग मोडतं. काही माती त्याला मदत करते. एवढंच.” मग तिनं वर पिवळट आकाशाकडे बोट दाखवलं. “आणि फडक्यावर झालं तसं काहीबाही तिथेही चाललेलं असतं. वाळवंटातून धुळीचे कण येतात, भट्ट्यांचा धूर अंगावर घेतात, वरून ऊन पडतं. धुरातलं काही मोडतं, काही आणखी जहाल होतं. बारीक, आंबट, छातीला चावणारं. म्हणून तर वादळ ओसरून लख्ख ऊन पडलं तरी एकदोन दिवसांनी आईंचा दमा वाढतो. आणि अशा वेळी महागुरू तुम्हाला छपरावर उभं करत होते, छाती उघडी टाकून. धुळीच्या दिवशी घरात बसा, खिडक्या लावा, बाहेर पडलात तर मास्क लावा. औषध सोडू नका. सोडायचं तर डॉक्टरला विचारून सोडा. तुमच्या पाया पडून सांगतो म्हणाला कुणी, तरी सोडू नका.”

“आणि पुन्हा कुणी चमत्कार घेऊन आला तर?” खाटकानं विचारलं. त्याचा हात अजून शिवशिवत होता.

रुइलान उत्तर देणार तेवढ्यात दिंगकाकूंनी तिच्या हातातला चिमटा घेतला.

“तर त्याला म्हणायचं, दादा, हे आधी सावलीत करून दाखव. मग उन्हात कर. मग कुणीतरी दुसऱ्यानं करून बघू दे. एवढं करूनही टिकलं तर आम्ही तुझे. डोळ्यांना दिसलं म्हणून मान डोलवायची नाही. दिसलं तर मलाही होतं.” त्या थांबल्या, भरपूर श्वास घेतला, आणि तो नीट आत गेल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर दिसलं. “काय सांगू तुम्हाला. सून मेंढ्यांची डॉक्टर मिळाली म्हणून मी आयुष्यभर कुरकुरत आले. पण या आठवड्यात आपण सगळेच खाली मान घालून एकामागून एक चालत होतो. मग आपल्याला डॉक्टर दुसरी कुठली चालली असती?”

ते कोरं फडकं अजून दिंगकाकूंच्या बैठकीत टांगलेलं आहे. कुणी विचारलं की त्या वरच्या काठाशी राहिलेले दोन निळे चौकोन दाखवतात, आणि मग खिशातला पंप काढून दाखवतात.